साठ दिवस आणि एक जून

१५ फेब्रुवारी २०२४. सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. भाचीचा फोन. "मामा, आलं." पुढं तिला काही बोलता येईना. मागून जावयांचा आवाज आला, "तारीख सांगा की त्यांना, तारीख." आलं होतं ते कॅनडाचं बोलावणं, आणि तारीख होती १४ एप्रिल. तोपर्यंत तिथल्या कायम रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, पूर्ण अर्ज, सगळ्या कागदांसकट, ऑनलाइन भरून द्यायचा होता. हातात साठ दिवस.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की, लातूर-नांदेडकडच्या नर्सिंग झालेल्या मुली आणि त्यांचे वडील मला अजून फोन करतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, "गुरुजी, पीआर किती दिवसांत होतं?" जाहीर उत्तर आहे सहा महिने. ते खोटं नाही. भाचीचं तर त्याच्याही आत झालं. पण ते सहा महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे, हे कुणी विचारत नाही. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. एजंट नाही, वकील नाही. भाचीची फाइल आम्ही घरीच केली, त्यात मी काय चुकलो तेही खाली आहे. नावं कुणाची देत नाही, कचेऱ्यांचीही नाही.

आधी थोडं मागचं. माझ्या एका मावसभावानं २००६ साली कॅनडाचा असाच अर्ज केला होता. तेव्हाची रीत साधी होती: फी भरा, अर्ज द्या, रांगेत उभे राहा. जो अर्ज करेल त्याचा अर्ज तपासायचाच, असा नियम असल्यामुळे ढीग वाढत गेला. शेवटी २०१२ साली कॅनडा सरकारनं कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचे कुशल कामगार गटातले पडून असलेले अर्ज सरसकट बंद केले. अर्जदार आणि त्यांची बायकापोरं धरून सुमारे २ लाख ८० हजार माणसं एका फटक्यात रांगेबाहेर. फी परत मिळाली. मावसभावानं त्या पैशातून घराला रंग दिला आणि विषय संपवला.

त्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये एक्सप्रेस एन्ट्री आली. दहापैकी आठ अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचे, असं त्यांनी जाहीर केलं. हा वेग कारकून चपळ झाल्यामुळे आला असं समजू नये. आता अर्ज कुणालाही करता येत नाही. आधी नुसती माहिती भरून 'पूल'मध्ये, म्हणजे इच्छुकांच्या यादीत, बसायचं, तिथं १२०० पैकी गुण मिळतात, आणि ठरावीक दिवशी फेरी निघते. वरच्या गुणांच्या लोकांना बोलावणं येतं, त्याला सगळे आयटीए म्हणतात. बाकीचे रांगेत नसतातच. वर्षभरात बोलावणं आलं नाही तर नाव निघतं, परत भरा. म्हणजे जेवढं दळता येईल तेवढंच जात्यात घालायचं. कोविडात हे गणितही बिघडलं. डिसेंबर २०२० नंतर थेट जुलै २०२२ पर्यंत आपल्यासारख्या बाहेरच्या कुशल कामगारांसाठी फेरीच निघाली नाही, आणि आधीच्या अर्जांचा वेळ दोन वर्षांच्या पुढं गेला. २०२४ पर्यंत गाडी पुन्हा सहा महिन्यांच्या आसपास आली होती.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट चुपचाप झाली. पूर्वी वाट बघणं तिकडं, दिल्लीच्या कपाटात असायचं. आता ते इकडं आलं. बोलावणं आलं की साठ दिवसांत सगळे कागद पूर्ण पाहिजेत. एक जरी अनिवार्य कागद कमी असला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. तो नाकारला जात नाही, आलाच नव्हता असं धरतात. फी परत, बोलावणं गेलं, पुन्हा पूलमध्ये. वेगवान यंत्र परतही वेगातच पाठवतं.

भाचीचे गुण ४२३ होते. १४ फेब्रुवारीची फेरी फक्त आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी होती, ३,५०० बोलावणी निघाली, आणि शेवटचा गुण होता ४२२. एका गुणानं पास. आयुष्यभर पोरांना एकेका मार्कासाठी रडताना पाहिलं, पण असा एक मार्क मी पाहिला नव्हता.

बेरीज सांगतो, कारण फोनवर प्रत्येक जण विचारतो. वयाचे १००, चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचे ११२, इंग्रजीचे ११६, पदवी आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५, अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे ५०. जावई परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बी.एस्सी. ॲग्री, गावात कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांच्या पदवीचे ८ आणि इंग्रजीचे १२. यातली मेख इंग्रजीत आहे. भाची मराठी माध्यमाची. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत तिला लेखन, वाचन, बोलणं यांत दुसऱ्या खेपेलाच ७ मिळाले, ऐकण्यात मात्र साडेसात. कॅनडाच्या गणितात ऐकण्याला ८ लागतात, तरच चारही बाजू नवव्या पातळीवर धरतात. त्या अर्ध्या बँडचे थेट ७ गेले असते आणि दोन्ही जोड्यांमध्ये मिळून ३७, एकूण ४४. तिसऱ्यांदा ती पुण्याला परीक्षेला गेली तेव्हा सासरी कुरकुर झाली होती. तिसऱ्यांदा ८ आले.

आणि वय. कागदावर तिची जन्मतारीख १ जून १९९४ आहे. मराठवाड्यात ही तारीख काय असते ते सांगायला नको. दर १ जूनला आमच्याकडं निम्मा व्हॉट्सॲप ग्रुप एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. पोरगी खरी जन्मली त्या वर्षीच्या कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर. २००० सालच्या जूनमध्ये बहीण तिला माझ्याच शाळेत घेऊन आली. पहिलीत बसवायला वय थोडं कमी पडत होतं. मी दाखल खारीज रजिस्टरात १ जून लिहिलं. माझं अक्षर आहे ते. तेव्हा वाटलं, पाच महिन्यांनी काय होतंय?

वयाची तिशी लागली की या गुणपद्धतीत जोडीदारासह अर्ज करणाऱ्याचे पाच गुण कमी होतात. १ जून २०२४ ला ती कागदावर तीस वर्षांची होणार होती. म्हणजे या साठ दिवसांत अर्ज अपूर्ण ठरून परत आला असता तर पूलमध्ये तिचे राहिले असते ४१८. पुढची आरोग्य फेरी निघाली ५ जुलैला, तिचा शेवटचा गुण ४४५. नोव्हेंबरातल्या फेरीत तो ४६३ वर गेला. तेव्हा हे आकडे कुणालाच माहीत नव्हते, पण दुसरी संधी मिळणार नाही असं धरूनच आम्ही चाललो.

जावयांनी विचारलं होतं, "मामा, जन्मतारीख दुरुस्त करता येईल का? ग्रामपंचायतीत खरी नोंद असेल." मी नको म्हणालो. दहावीची सनद, पदवी, आधार, पासपोर्ट, सगळीकडं १ जूनच आहे. कॅनडा मोठ्या माणसाचा जन्मदाखला मागत नाही, पासपोर्टच बघतो. एका जागी दुरुस्ती केली की बाकी पाच जागी तफावत तयार होते. ती तारीख तशीच राहिली, आणि मला वाटतं हा सबंध प्रकरणातला बरोबर निर्णय होता.

आता कागद. पहिल्या रविवारी मी लातूरला गेलो आणि एक रेघी वही घेतली. एका पानावर डावीकडं कागदाचं नाव, उजवीकडं त्या कागदावर भाचीचं नाव नेमकं कसं छापलंय ते, अक्षर न् अक्षर. विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, मग तिचं, मग वडिलांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत तिचं नाव आधी, आणि वडिलांच्या नावापुढचा 'राव' गळालेला. आधारवर सासरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. बँकेत माहेरचंच आडनाव, पण स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. सात कागद, पाच नावं, बाई एक.

सगळे म्हणाले गॅझेट करा. गॅझेट म्हणजे राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात. पुण्याच्या एका एजंटानं तर गॅझेट, शपथपत्र, 'फास्ट ट्रॅक' असं सगळं मिळून दीड लाखात सांगितलं. या फास्ट ट्रॅकवर एक शब्द: अमेरिकेत काही अर्जांना जादा फी भरून लवकर निकाल मिळतो, कॅनडाच्या पीआरला तशी सोयच नाही. पैसे घेऊन फाइल पुढं सरकवतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय, मग त्याचं ऑफिस कितीही एसी असू दे.

गॅझेटची गरज नव्हती. लग्नानं नाव बदललं, तर लग्नाचा दाखला हाच माहेर आणि सासर यांच्यातला दुवा. तो पासपोर्टच्या वेळी ग्रामपंचायतीतून काढलेला होता. त्याला जोडून शंभराच्या बाँडवर 'या पाचही नावांची व्यक्ती मीच' असं शपथपत्र नोटरीकडून केलं, आणि वहीतलं ते पान इंग्रजीत टाइप करून खुलासापत्र म्हणून लावलं. तिकडच्या अधिकाऱ्याला शोधत बसायला लागू नये, त्याच्या मनात शंका येण्याआधी उत्तर समोर असावं, एवढाच हेतू.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर मी करतो म्हणालो. इंग्रजी शिकवलंय तीस वर्षं. पण नियम असा की घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही. मामाही घरचाच. पुण्याच्या भाषांतरकाराला पानागणिक पैसे देताना जीव तुटला.

आता माझी चूक. भाचीची लेक तेव्हा चार वर्षांची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात. नोंद तिथल्या नगरपरिषदेत. दाखला काढला तर 'बाळाचे नाव' हा रकाना कोरा. आईचं नाव माहेरचं. आणि लेकीचा पासपोर्ट अजून काढलेलाच नव्हता, कारण पूलमध्ये बसताना तो लागत नाही. अर्जात मात्र तिघांचेही पासपोर्ट लागतात. म्हणजे आधी जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग अर्ज. बाकी कागद एकमेकांना धरून नव्हते, हे तीन मात्र एकामागं एकच होणार. सगळ्यात लांब साखळी हीच होती, आणि मी तिला सगळ्यात सोपं काम समजलो.

२० फेब्रुवारीला नगरपरिषदेत अर्ज दिला. एकाच अर्जात दोन मागण्या: बाळाचं नाव घाला, आणि आईचं नाव सासरचं करा. वाटलं, जाताच आहोत तर दोन्ही करून घेऊ, कागद एकसारखा दिसेल. अर्ज अडकला. दवाखान्याचं पत्र आणा. दवाखान्यानं सांगितलं, भरती होताना पेशंटनं जे नाव सांगितलं तेच आम्ही लिहिलं, आता वेगळं कसं लिहून देऊ? दर दोन दिवसांनी मी पायऱ्या चढायचो. त्या दिवसांत सगळा मराठवाडाच जुन्या नोंदी शोधत होता. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी तहसीलपासून नगरपरिषदेपर्यंत मोडी आणि उर्दूतली रजिस्टरं बाहेर निघाली होती, प्रत्येक टेबलापुढं माणसं. माझ्या नातीच्या कोऱ्या रकान्याला कोण विचारतो.

१४ मार्चला तिथला क्लार्क मला बाजूला घेऊन गेला. माझाच विद्यार्थी. सातवीला गणितात मी त्याला दोनदा उभं केलं होतं, ते त्याच्या लक्षात असावं.

"गुरुजी, रागावू नका. तुम्ही अर्ज एक दिलाय, पण त्यात कामं दोन हायत."

"बरं मग?"

"नाव घालायचं काम माझ्या हातात हाय. पंधरा वर्षापर्यंत विलंब शुल्क भरलं की झालं. आईच्या नावाचं मात्र दुरुस्तीत जातं. मूळ नोंद खोडता येत नाही, शेजारी शेरा मारायचा, त्याला पुरावा, वरची सही. तुमचं एक काम दुसऱ्यानं धरून ठेवलंय."

"मग काय करू?"

"नावाचा अर्ज वेगळा द्या. सोमवारी दाखला घेऊन जा."

आईचं नाव बदलायची मुळात गरजच नव्हती. बाळ झालं तेव्हा दवाखान्यात तेच नाव सांगितलं होतं, नोंद खरी होती, आणि लग्नाचा दाखला व शपथपत्र ती दोन नावं जोडत होतेच. मला फक्त कागद नीटनेटका हवा होता. त्या हौसेपायी तेवीस दिवस गेले. १८ मार्चला नाव घातलेला दाखला हातात पडला. मधे १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि निम्मा स्टाफ निवडणुकीच्या ट्रेनिंगला. आणखी चार दिवस मी हट्ट धरला असता तर तो विद्यार्थीही मतदान यंत्रं मोजत बसला असता. लेकीचा पासपोर्ट तत्काळमधून काढला, तो १ एप्रिलला स्पीड पोस्टानं आला.

पोलिस क्लिअरन्सचं काम मात्र चांगलं झालं, कारण ते आम्ही बोलावणं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही हा अर्ज करता येतो, नाहीतर पूर्वी लांब जायला लागायचं. पत्ता गावाचा द्यावा की लातूरच्या भाड्याच्या घराचा यावर थोडा वाद झाला. जिथं राहता तिथलाच द्या, नाहीतर शिपाई गावी जाऊन 'आढळून आले नाहीत' असा रिपोर्ट करतो. हवालदार दोनदा आले, एकदा भाची ड्युटीवर होती. ७ मार्चला दोघांचं झालं.

अनुभवाचं पत्र ही दुसरी गाठ. भाचीनं शिक्षण झाल्यावर आधी एका छोट्या दवाखान्यात दोन वर्षं काढली. पगार रोख, पाकिटात. तो दवाखाना आता बंद. घरच्यांचा आग्रह, सगळी वर्षं दाखवा, वजन पडेल. वजन पडत नाही. बाहेरच्या देशातल्या अनुभवाचे गुण तीन वर्षांवर थांबतात. सप्टेंबर २०२० पासून ती लातूरच्या एका मोठ्या रुग्णालयात होती, कोविड वॉर्डातच रुजू झाली. फेरीच्या दिवशी साडेतीन वर्षं भरत आली होती. पीएफ कापला जात होता, पगार खात्यावर होता. मग जुन्या दवाखान्याचे गुण मागायचेच नाहीत. पण लपवायचं पण नाही. अर्जात गेल्या दहा वर्षांचा महिन्यागणिक हिशेब द्यावा लागतो, त्यात तो दवाखाना आहे. बाळंतपणाचे महिने आहेत, 'घरी' असे. एक महिना रिकामा सोडला तरी प्रश्न येतो.

आत्ताच्या रुग्णालयानं पहिलं पत्र दिलं ते दोन ओळींचं: अमुक तारखेपासून कार्यरत आहेत, वर्तणूक चांगली. वर्तणूक कॅनडाला नको असते. पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, आणि रोज काय काम करता ते लागतं. एचआरच्या बाई म्हणाल्या, एवढं कुणालाच देत नाही आम्ही. भाचीनं मग स्वतः आठवडाभराची ड्युटी लिहून काढली: औषधं देणं, आयसीयूतले पेशंट हँडओव्हर, जखमांचं ड्रेसिंग, नव्या मुलींना शिकवणं, ४८ तास. कॅनडाच्या व्यवसाय यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नकोस, असं मी सांगितलं होतं. शिक्षकाला कॉपी लगेच कळते, तिकडच्यांनाही कळत असणार. तिसऱ्या दिवशी सही झाली.

पैशांचं मात्र ऐकण्यासारखं आहे. तिघांच्या कुटुंबाला तेव्हा २१,०५५ कॅनडियन डॉलर दाखवायचे होते, आपले तेरा लाखांच्या आसपास. दोघांच्या नावाची साडेआठ लाखांची एफडी होती, खात्यात एक लाख. उरलेले साडेतीन व्याह्यांकडं होते. होते, पण पोत्यांत. २०२३ च्या खरिपाचं सोयाबीन त्यांनी भाव वाढेल म्हणून घरातच थप्पी लावून ठेवलं होतं, आणि भाव वाढायच्या ऐवजी उतरत होता. हमीभाव ४,६०० आणि बाजार त्याच्याही खाली. शेत वीस लाखांचं असलं तरी कॅनडा जमिनीची किंमत धरत नाही, कर्ज काढलेला पैसाही धरत नाही. व्याही एक दिवस ओट्यावर गप्प बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पो बोलावला. लातूरच्या मोंढ्यात नव्वद क्विंटल घातलं.

अचानक एवढी रक्कम खात्यात दिसली की ती कुठून आली ते सांगावं लागतं. म्हणून आडत्याची पट्टी, सातबारा, आणि 'ही रक्कम परत मागणार नाही' असं व्याह्यांचं बक्षीसपत्र, सगळं भाषांतर करून जोडलं. बँकेचं पत्रही सहज मिळालं नाही. शाखेत छापील बॅलन्स सर्टिफिकेट असतं, त्यावर एका दिवसाची शिल्लक. इथं हवं होतं बँकेच्या लेटरहेडवर: खाते क्रमांक, खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी, काही कर्ज आहे का. मॅनेजर म्हणाले मार्च एंड होऊ द्या. ३ एप्रिलला पत्र मिळालं.

मग उरले दहा-अकरा दिवस. त्यात ९ ला पाडवा, ११ ला ईद, १३ ला दुसरा शनिवार, आणि शेवटचा दिवस १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, तीही रविवारी. ऑनलाइन अर्जाला सुट्टी नसते, पण आपल्याला काही लागलं तर कचेरी उघडी पाहिजे ना. १० तारखेला रात्री सगळं अपलोड झालं, फक्त फी राहिली. दोघा मोठ्यांची प्रत्येकी १,३६५ डॉलर, लेकीची २३०, बोटांच्या ठशांची कुटुंबाची १७०. दोन लाखांच्या जवळ. जावयांनी कार्ड टाकलं. नाकारलं. पुन्हा टाकलं. नाकारलं. त्यांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार चालूच नव्हता, आणि रोजची मर्यादा पन्नास हजार. दोन महिने आम्ही नावातला 'राव' मोजत बसलो, कार्ड कुणी तपासलं नाही. ११ ला ईदची सुट्टी. १२ ला शुक्रवारी शाखा उघडताच जावई दारात. दुपारी चारला फी गेली आणि अर्ज दाखल झाला. ३० एप्रिलला फी वाढली; नव्या दरानं आणखी ३५० डॉलर गेले असते, ते वाचले हा योगायोग.

पुढचं पटकन सांगतो, कारण पुढं पटकनच झालं. ठशांचं पत्र काही दिवसांत आलं. लातूर एक्सप्रेसनं रात्री निघून दोघं मुंबईत ठसे देऊन आले; चौदा वर्षांखालच्या पोरांना ठसे नसतात. मग वैद्यकीय तपासणीचं पत्र, पुन्हा लातूर एक्सप्रेस, या खेपेला लेकीसकट. त्यानंतर रोज सकाळी खातं उघडून बघायचं आणि काही बदललेलं नसायचं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट मागवणारं पत्र आलं. १२ एप्रिलपासून मोजलं तर पाच महिने आणि काही दिवस. पण भाची हिशेब करते तो पहिल्या आयेल्ट्सपासून, आणि तो दोन वर्षांच्या वर जातो.

जानेवारी २०२५ मध्ये तिघं विनिपेगला उतरली. बाहेर उणे पंचवीस. व्याह्यांनी व्हिडिओ कॉलवर बर्फ बघितला आणि विचारलं, "यात काय पेरतात?"

मला वाटलं आता सुटलो. मार्चमध्ये भाचीचा मेसेज आला. पीआर मिळालं म्हणून नर्सचं काम करता येत नाही. तो परवाना प्रांताचा, त्याची फाइल वेगळी, परीक्षा वेगळी. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं आणि करणं यात फरक असतो. तोपर्यंत ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जात होती. लिहिलं होतं, "मामा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून माझ्या नोंदणीची पडताळणी थेट इकडं यायला पाहिजे. माझ्या हातून चालत नाही. विद्यापीठाचे गुणपत्रकही तसंच, सीलबंद. आणि तिकडं नाव माहेरचं आहे, ते तुम्ही समजावून सांगा."

कौन्सिलची कचेरी मुंबईत. मी लातूर एक्सप्रेसचं तिकीट काढलं आणि रेघी वही बाहेर काढली. ते पान अजून तसंच होतं, सात कागद आणि पाच नावं. खाली आठवी ओळ ओढली: कॅनडाचं पीआर कार्ड. उजवीकडं लिहिण्यासाठी तिच्याकडून फोटो मागवला, नाव नेमकं कसं छापलंय ते बघायला. 'राव' त्यावरही नव्हता.